सिगारेट दिसते, बिडी दिसत नाही



लखनौहून बोलतोय. या व्याख्यानमालेचे श्रोते पुण्या-नागपूरचे आहेत, बेळगाव-निपाणीचे आहेत, इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्लीचेही आहेत, असं मला संयोजकांनी सांगितलं. त्यात आमचं लखनौ जरा आडबाजूला पडतं. लखनौ म्हटलं की मराठी माणसाला कबाब आठवतात, चिकनकारी आठवते. गाण्यातल्या लोकांना पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवतात. त्यांच्या खटपटीतून १९२६ साली इथं संगीताचं मॅरिस कॉलेज सुरू झालं, आज ते त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. पण मी गाण्यातला नाही. मी आकड्यांमधला माणूस. लोकसंख्येचा अभ्यास आणि आरोग्याच्या पाहण्या यांत माझी नोकरी गेली. नोकरीमुळे इथं आलो आणि इथलाच झालो.

आजचा विषय धूम्रपानाचा आहे. ‘धूम्रपानाचे दुष्परिणाम’ यावर मी बोलणार नाही, ते तुम्हाला पाठ आहेत. मला एक वेगळा प्रश्न विचारायचा आहे. ओढतं कोण? शंभर माणसं उभी केली, तर त्यातली कोणती दहा-अकरा ओढणारी निघतील, हे आधीच सांगता येईल का? बऱ्याच अंशी येतं. माणसाचा स्वभाव माहीत नसला, तरी तो पुरुष आहे की स्त्री, शिकला किती, काम काय करतो, कुठं राहतो आणि कुणात बसतो, एवढं कळलं की अंदाज बांधता येतो. व्यसन ज्याचं त्याच्या मनाच्या कमजोरीमुळे लागतं, असं आपण धरून चालतो. मग ते असं ठरावीक वाटांनीच का जातं? आज याचाच विचार करू.

आता तुम्हाला हजरतगंजात नेतो.

हजरतगंज हा लखनौचा जुना, प्रतिष्ठित बाजार. अवधचे नवाब अमजद अली शाह यांना ‘हजरत’ म्हणत, त्यांच्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. त्यांचा इमामबाडाही इथंच आहे. २०१० साली दोनशे वर्षांच्या निमित्ताने याची डागडुजी झाली. दुकानांचे दर्शनी भाग एका रंगात आले, पाट्या एका मापाच्या झाल्या, जुन्या धाटणीचे दिव्यांचे खांब लागले, बसायला बाकडी आली. संध्याकाळी इथं येऊन उगाच फिरायचं, याला लखनौत एक खास शब्द आहे, ‘गंजिंग’. पुण्यात लक्ष्मी रोडला हिंडतात तसं. फरक एवढाच की इथं खरेदीचं निमित्तही लागत नाही.

तर संध्याकाळी सहाच्या पुढे इथं उभे राहा आणि फक्त धूर बघा. पहिल्यांदा काय दिसतं? तरुण मुलं. कॉलेजची, ऑफिसातून सुटलेली, कोचिंग क्लासची. पानाच्या गुमटीपाशी, म्हणजे आपल्या पानटपरीपाशी, तिघं-चौघं उभी असतात, हातात सिगारेट. एखाददुसरी मुलगीही असते, आणि तिच्याकडे येणारेजाणारे वळून बघतात. पूर्वी हा धूर इंडियन कॉफी हाउसच्या टेबलांवर असायचा. मुरली देवरा यांच्या याचिकेवर २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई केली, पुढे २ ऑक्टोबर २००८ पासून नियम आणखी कडक झाले, आणि धूर आतून बाहेर फुटपाथवर आला.

हे दृश्य पाहून परत गेलात, तर तुमचं मत काय होईल? धूम्रपान म्हणजे शहरी, शिकलेल्या, खिशात पैसे असलेल्या तरुण पिढीचं फॅड. मुली बिघडल्यात. वर्तमानपत्रातल्या पत्रव्यवहारात हेच मत छापून येतं, कौटुंबिक समारंभातही हेच ऐकू येतं.

आता पाच मिनिटं चाला. मोठा रस्ता सोडून मागच्या गल्लीत शिरा, जिथं दुकानांचा माल उतरतो. तिथं हमाल बसलेले असतात. सायकल रिक्षावाले असतात, गाड्या लावून घेणारे असतात, बांधकामावरचे मजूर असतात. हातात बिडी. ओठाआड खैनी. ही माणसं चाळिशी-पन्नाशीची दिसतात, खरं वय कमी असेल. कुणी त्यांच्याकडे वळून बघत नाही. हजरतगंजची सिगारेट दिसते, हजरतगंजची बिडी दिसत नाही.

मी बघितलं म्हणून ते खरं, असं आमच्या धंद्यात चालत नाही. म्हणून आकडे पाहू. कंटाळू नका, मोजकेच देतो.

भारतात प्रौढांच्या तंबाखूसेवनाची मोठी पाहणी दोनदा झाली आहे. ‘ग्लोबल अॅडल्ट टोबॅको सर्व्हे’ असं तिचं नाव, आम्ही ‘गॅट्स’ म्हणतो. पहिली २००९-१० मध्ये, मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली. दुसरी २०१६-१७ मध्ये, मुंबईच्याच टाटा समाजविज्ञान संस्थेने. दुसऱ्या पाहणीत १५ वर्षं आणि त्यापुढच्या ७४,०३७ लोकांना विचारलं गेलं. देशात २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. ओढणारे १०.७ टक्के. आणि ओढणाऱ्यांत काय ओढतात? बिडी ७.७ टक्के, सिगारेट ४ टक्के. काही जण दोन्ही ओढतात, म्हणून बेरीज जुळत नाही. म्हणजे देशातला ओढणारा माणूस प्रामुख्याने बिडी ओढणारा आहे. खेड्यात ओढणारे ११.९ टक्के, शहरात ८.३ टक्के. गुमटीपाशी उभा असलेला कॉलेजचा मुलगा हा अपवाद आहे. नमुना आहे तो मागच्या गल्लीतला हमाल.

आता उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र शेजारी ठेवून बघू, कारण तुमच्यातल्या बहुतेकांचं मन तिथंच लागलेलं असणार. उत्तर प्रदेशात १३.५ टक्के प्रौढ ओढतात, महाराष्ट्रात ३.८ टक्के. झालं, आपली मान ताठ! थांबा. सगळ्या प्रकारची तंबाखू धरली, तर उत्तर प्रदेशात ३५.५ टक्के आणि महाराष्ट्रात २६.६ टक्के. महाराष्ट्र ओढत नाही, चघळतो. आणि आता फक्त बायकांचे आकडे घ्या. उत्तर प्रदेशात १७.७ टक्के स्त्रिया तंबाखू घेतात. महाराष्ट्रात १७. जवळपास तेवढ्याच. पुरुषांमध्ये मात्र ५२.१ आणि ३५.५ असं मोठं अंतर आहे. म्हणजे महाराष्ट्रातले पुरुष उत्तर प्रदेशातल्या पुरुषांहून बरेच मागे आहेत, पण आपल्या बायका इथल्या बायकांच्या बरोबरीने आहेत. ‘आमच्यात बायका नाही हो घेत’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

इथून आपण एकेक धागा सुटा करू. पहिला, स्त्री-पुरुष.

देशात १९ टक्के पुरुष ओढतात आणि २ टक्के स्त्रिया. इतकी मोठी दरी दुसऱ्या कशात क्वचितच सापडेल. याचं कारण निसर्गात आहे का? मुळीच नाही. अवधच्या जुन्या चित्रांत बेगमा हुक्क्याची नळी हातात धरून बसलेल्या दिसतात, त्यांना कुणी बिघडलेल्या म्हटलं नाही. आंध्रात श्रीकाकुलमच्या किनारी भागात बायका चुट्टा ओढतात, तोही उलटा, म्हणजे जळतं टोक तोंडात धरून. हिमालयातल्या पहाडी गावांत म्हाताऱ्या बायका सहज बिडी ओढतात. बाईने काय करायचं हे जागोजागी वेगळं ठरतं. आपल्या सपाटीवरच्या मध्यमवर्गाने ठरवलं की बाईच्या हातात धूर नको. तंबाखू नको असं मात्र त्याने ठरवलं नाही.

म्हणून बाईची तंबाखू धुराविना आली. माझी आजी सातारा जिल्ह्यातली. ‘आमच्या घरात तंबाखूला कुणी शिवत नाही’ असं आमच्याकडे अभिमानाने सांगत. आणि रोज सकाळी आजी चुलीवर तव्यात मशेरी भाजायची. काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच ती, चुरायची आणि दातांना लावायची. अख्ख्या आळीत तो वास पसरे. पण मशेरीला कुणी तंबाखू म्हणतच नव्हतं, ते ‘दात घासणं’ होतं. दिवसातून चारदा दात घासणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता विचार करा, एखादा पाहणी करणारा त्या घरी आला असता आणि ओसरीवर आजोबांसमोर विचारलं असतं, ‘घरातल्या बायका तंबाखू खातात का?’ उत्तर ‘नाही’ आलं असतं, आणि ते त्यांच्या दृष्टीने खोटंही नव्हतं. म्हणून चांगल्या पाहणीत बाईला वेगळं गाठून, बाईनेच विचारायचं असतं. आणि ‘तंबाखू घेता का’ असं न विचारता मशेरी, गुल, जर्दा, पान, खैनी, बिडी अशी एकेका वस्तूची नावं घ्यायची असतात. नाव बदललं की उत्तर बदलतं.

दुसरा धागा शिक्षणाचा. इथं मुंबईतली एक पाहणी सांगायलाच हवी. डॉ. प्रकाश गुप्ता हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या चमूने मुंबई शहरात मतदार याद्या घेऊन, घरोघर जाऊन, ३५ वर्षं आणि त्यापुढच्या ९९,५९८ लोकांची माहिती नोंदवली. कागदावर नाही, हातात मावणाऱ्या छोट्या संगणकांवर. त्या काळात आपल्याकडे ही नवलाईच होती. १९९६ साली निष्कर्ष छापून आले. पुरुषांत ६९.३ टक्के तंबाखू घेणारे, स्त्रियांत ५७.५ टक्के. मुंबईतल्या, पस्तिशीच्या पुढच्या, निम्म्याहून जास्त बायका! आणि जवळजवळ सगळ्या न ओढणाऱ्या, त्यातही मशेरीवाल्या सर्वांत जास्त. पुरुषांत ओढणारे २३.६ टक्के होते, त्यातले साधारण अर्धे बिडीवाले, अर्धे सिगारेटवाले.

आणि शिक्षण? शिक्षण वाढत गेलं तशी तंबाखू कमी होत गेली. याला अपवाद एकच, सिगारेट. तिथं शिक्षणाचा असा उतार दिसला नाही. पुढे याच माहितीवरून आणखी हिशेब झाला. त्यात कॉलेज शिकलेल्या पुरुषाच्या तुलनेत निरक्षर पुरुष तंबाखू घेणारा असण्याचे ‘ऑड्स’ सुमारे सातपट निघाले, आणि स्त्रियांमध्ये सुमारे वीसपट. ऑड्स म्हणजे थेट टक्केवारी नव्हे, पण दरी किती खोल आहे हे त्यावरून कळतं.

या पाहणीतला एक तपशील मला फार बोलका वाटतो. उच्च मध्यमवर्गीयांच्या आणि श्रीमंतांच्या बंद सोसायट्या तिच्यातून वगळाव्या लागल्या होत्या, कारण सुरक्षेच्या नियमांमुळे आत जाऊन विचारणंच अवघड होतं. चाळीत कुणीही दार ठोठावू शकतो, टॉवरमध्ये वॉचमन अडवतो. संशोधकांनी हे दडवलं नाही, स्पष्ट सांगितलं. पण एरवी रोजच्या बोलण्यात आपण विसरतो की गरिबाचं व्यसन मोजायला सोपं असतं.

आता खरा प्रश्न. शिक्षणामुळे तंबाखू कमी का होते? पटकन उत्तर येतं, ‘शिकलेल्याला धोका कळतो.’ बरं. पण गॅट्समध्ये विचारलं होतं की धूम्रपानाने गंभीर आजार होतात असं वाटतं का. दहातल्या नऊहून अधिक प्रौढांनी ‘हो’ म्हटलं. म्हणजे ते जवळजवळ सगळ्यांना माहीत आहे. रिक्षावाल्यालाही माहीत आहे. पुडक्यावरचं चित्र तो रोज बघतो, किंवा बघत नाही, कारण तो सुट्टी घेतो. दोन बिड्या, चार बिड्या. चित्र दुकानदाराकडेच राहतं.

मग शिक्षण नेमकं काय करतं? माझं मत असं की शिक्षण माणसाला वेगळ्या ठिकाणी नेऊन बसवतं. वेगळं काम, वेगळी सोबत, आणि ‘वीस वर्षांनी माझं काय होईल’ हा विचार करण्याची ऐपत. ज्याला उद्याच्या भाड्याची चिंता आहे, त्याला वीस वर्षांनंतरच्या फुप्फुसाची चिंता करा म्हणणं सोपं आहे, पण ते त्याच्या कानावरून जातं.

हा तिसरा धागा, कामाचा. मागच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्याशी माझं बोलणं झालं होतं. बाराबंकीकडचा माणूस. मी त्याला विचारलं, दिवसाला किती ओढता? म्हणाला, ‘दोन बंडल.’ कशासाठी? तो हसला. म्हणाला, ‘बाबूजी, नुसता बसलो तर लोक म्हणतात आळशी आहे, चल उठ. बिडी पेटवली की म्हणतात, ओढू दे त्याला, दोन मिनिटं थांबू.’

ही गोष्ट मी कुठल्याच अहवालात वाचली नव्हती. बिडी म्हणजे त्याची हक्काची सुट्टी. ऑफिसातल्या माणसाला चहाची वेळ आहे, जेवणाची वेळ आहे, खुर्ची आहे. हमालाला, वेठबिगारासारखं राबणाऱ्याला, थांबण्याचं कारण द्यावं लागतं, आणि बिडी हे सर्वमान्य कारण आहे. शिवाय बिडीने भूक मरते, झोप उडते, हे कोणताही मजूर सांगेल. तिचा खर्च जेवणापेक्षा कमी. आपण त्याला बिडी सोड म्हणतो तेव्हा बदल्यात काय देतो? भाषण.

स्वस्ताईचा मुद्दा इथं येतो. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा बिडीवर २८ टक्के कर बसला, पण सिगारेटवर जो वेगळा सेस लागला तो बिडीला लागला नाही. बिडी हा गृहउद्योग आहे, बिडी वळणाऱ्या लाखो बायकांच्या पोटाचा प्रश्न आहे, असं कारण दिलं जातं. प्रश्न खराच आहे. सोलापूर, सिन्नर, गोंदिया इथल्या श्रोत्यांना तो मी सांगायला नको. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांचे हाल मराठी वाचकाला माहीत आहेत. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी तिथंच रस्त्यावर बसले होते. पण या हिशेबाची दुसरी बाजू पाहा. बिडी वळणारी गरीब, पिणारा गरीब, आणि दोघांच्याही छातीत तंबाखू जाते. त्या बाईला दुसरं चांगलं काम मिळालं, तर तिच्या नावावर बिडी स्वस्त ठेवायची गरज उरणार नाही.

‘बिडी साधी, पानाची, तिच्यात विशेष काही नसतं’ हा समजही इथंच मोडून टाकू. डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या ११ लाख घरांतल्या मृत्यूंची चौकशी केली, २००८ साली तो अभ्यास छापून आला. बिडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी सुमारे ६ वर्षांनी घटतं, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचं सुमारे १० वर्षांनी. आणि ओढणाऱ्या स्त्रीचं सुमारे ८ वर्षांनी. स्त्रिया बहुतांशी बिडीच ओढत होत्या. दिवसाला थोड्याच बिड्या ओढणाऱ्यांनाही धोका होता.

चौथा धागा, सोबतीचा. हिंदीत एक शब्दप्रयोग आहे, ‘हुक्का-पानी बंद करना’. आपण म्हणतो वाळीत टाकणं. नीट बघा, त्यात हुक्का आहे. एकाच हुक्क्याची नळी फिरते ती आपल्या बिरादरीत, दुसऱ्या जातीच्या माणसाला ती मिळत नाही. ज्याला हुक्का मिळत नाही तो समाजाबाहेर. म्हणजे या मुलखात धूर हा केवळ शौक नव्हता, तुम्ही आमच्यातले आहात याची ती पावती होती. पुढे बिडी-सिगारेट आली, एकट्याने ओढता येऊ लागली, पण पावतीची सवय गेली नाही. नवीन नोकरीत रुजू झालेला मुलगा पहिल्या आठवड्यात साहेबांबरोबर खाली गुमटीवर जातो, ते सिगारेटसाठी जात नाही, ओळखीसाठी जातो. तिथंच बढत्यांची चर्चा होते, तिथंच कामं वाटली जातात. न ओढणारा वर बसून राहतो. मुलींना तर हा दुहेरी पेच आहे. खाली गेली तर नावं ठेवतात, न गेली तर बातमी कळत नाही.

सोबतीची ताकद उलट्या दिशेनेही चालते, हे विसरू नका. शीख धर्मात तंबाखूला सक्त मनाई आहे, आणि पंजाबात तंबाखू घेणाऱ्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी, १३.४ टक्के आहे. पंजाबी माणूस शेतात कमी राबतो का, त्याला ताण नाही का? सगळं आहे. दुसरी व्यसनंही आहेत. पण ज्या घोळक्यात तंबाखू काढणं हीच लाजेची गोष्ट आहे, तिथं ती सुरू व्हायलाच अडचण होते. माणूस एकटा व्यसनी होत नाही आणि एकटा सहसा सुटतही नाही.

पाचवा आणि शेवटचा धागा, वयाचा. यात आधी चांगली बातमी. १५ ते २४ वयोगटात तंबाखू घेणारे २००९-१० मध्ये १८.४ टक्के होते, सात वर्षांनी १२.४ टक्के झाले. सुरुवात करण्याचं सरासरी वयही एका वर्षाने पुढे गेलं, १७.९ वरून १८.९ वर. म्हणजे ‘आजची पिढी बिघडली’ हे ज्येष्ठांचं आवडतं वाक्य आकड्यांपुढे टिकत नाही. बिघडलेली असलीच तर आमची पिढी जास्त.

काळजीची बातमी दुसरीकडे आहे. २०१९ च्या शालेय पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या मुलांना विचारलं. त्यात ओढणारे मुलगे ८.३ टक्के आणि मुली ६.२ टक्के. प्रौढांत १९ आणि २, इथं ८.३ आणि ६.२. पाहण्या वेगळ्या आहेत, थेट तुलना करू नये. पण मुलामुलींतली ती जुनी दरी या वयात दिसत नाही, एवढं नक्की. ज्या बंधनामुळे बाईच्या हातात धूर आला नाही, ते बंधन सैल होतं आहे. ते सैल व्हावं, या मताचा मी आहे. मुलीने कुठं उभं राहायचं हे चारचौघांनी ठरवू नये. पण लाजेच्या जागी दुसरं काही उभं केलं नाही, तर ती मोकळी जागा बाजार भरून काढेल. हजरतगंजातल्या त्या मुलीकडे वळून बघणाऱ्यांना तिच्या फुप्फुसांची चिंता नसते. चिंता असती तर तिच्या शेजारच्या तिघा मुलांकडेही त्यांनी तसंच वळून पाहिलं असतं.

आता हे पाच धागे एकत्र बांधा. स्त्री-पुरुष, शिक्षण, काम, सोबत, वय. यातला एकही धागा म्हणजे नशीब नव्हे, आणि एकही कारण एकटं पुरं पडत नाही. निरक्षर, हमाली करणाऱ्या, बिडी ओढणाऱ्यांत बसणाऱ्या पन्नाशीच्या पुरुषाच्या गळ्याभोवती मात्र हे सगळे एकदम आवळलेले असतात. आणि आपली सगळी जनजागृती कुणाकडे बघून चालते? हजरतगंजच्या मोठ्या रस्त्यावरच्या मुलाकडे. पोस्टर त्याच्यासाठी, सिनेमाच्या आधीची सूचना त्याच्यासाठी, दंडाची पावतीही बहुधा त्यालाच. त्याला फायदा होतो, होवो. पण मरणारा मागच्या गल्लीत आहे.

उत्तर प्रदेशचं उदाहरण पुरेसं आहे. दोन पाहण्यांच्या दरम्यान देशात तंबाखू घेणारे ३४.६ टक्क्यांवरून २८.६ वर उतरले. याच काळात उत्तर प्रदेशात ते ३३.९ वरून ३५.५ वर चढले. ओढणं थोडं कमी झालं, चघळणं वाढलं. दरम्यान २०१३ साली इथं गुटख्यावर बंदीही आली होती. पण पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी अशी विक्री सुरू झाली, गिऱ्हाईक दोन्ही विकत घेऊन तळहातावर एकत्र करतं. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तिथलं चित्र तुम्ही मला सांगा.

मग करायचं काय? धोरणं करणारे या व्यासपीठावर नसतील, पण डॉक्टर असतील, शिक्षक असतील, दुकानदार, कारखानदार असतील, आणि घरात माणसं तर सगळ्यांच्याच आहेत.

डॉक्टरांना माझी विनंती अशी की प्रत्येकाला विचारा. गॅट्समध्ये ज्या ओढणाऱ्यांनी वर्षभरात दवाखान्याची पायरी चढली होती, त्यांतल्या निम्म्यांनाही, नेमकं सांगायचं तर ४८.८ टक्क्यांनाच, सोडायचा सल्ला मिळाला होता. साठीच्या बाईंना तर कुणी विचारतही नाही. नवऱ्याला बाहेर बसवा आणि विचारा, आणि ‘मशेरी लावता का’ असं विचारा.

ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत, त्यांनी बिनबिडीची सुट्टी द्या. सावलीत एक बाकडं, पाणी, आणि दहा मिनिटं, कुणी कारण विचारणार नाही अशी. याला सरकारी आदेश लागत नाही.

सुट्टी विक्री थांबवण्याचा आग्रह धरा. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. कागदावर आहे, टपरीवर किती आहे ते आज संध्याकाळी पाहा. सुट्टी मिळते म्हणून शाळकरी मुलाच्या खिशाला ती परवडते.

आणि घरात कुणी सोडू पाहत असेल तर त्याला ‘मनावर घे’ एवढंच सांगून थांबू नका. देशातल्या ओढणाऱ्यांपैकी ३८.५ टक्क्यांनी त्या वर्षात सोडण्याचा प्रयत्न केला होता. मनावर घेतलं होतंच त्यांनी. मदत हवी होती. सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, १८००-११-२३५६. वहीत लिहून ठेवा. आणि त्याच्याबरोबर संध्याकाळच्या त्या वेळी, ज्या वेळी तो गुमटीवर जायचा, तुम्ही फिरायला जा.

व्यसनी माणसाबद्दल बोलताना आपण त्याच्या चारित्र्यापासून सुरुवात करतो. मी आयुष्यभर आकडे जुळवत आलो, त्यांनी मला एवढं शिकवलं की सुरुवात त्याच्या जागेपासून करावी. तो कुठं उभा आहे, कुणाबरोबर उभा आहे, बसायला जागा आहे का. चारित्र्याची चौकशी त्यानंतर करू, आणि बहुतेक वेळा तोपर्यंत तिची गरज उरत नाही.

प्रश्न जरूर पाठवा, विशेषतः निपाणी, सोलापूर आणि सिन्नरच्या मंडळींनी. तिकडचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.